पलंगाच्या वरची फळी

कारखान्यात त्यांना सगळे ‘बूच’ म्हणायचे. वय वाढलं तसं त्यामागे ‘काका’ लागलं आणि बूचकाका हेच नाव कायम झालं. नाव ठेवणाऱ्यापाशी त्यासाठी दोन कारणं होती. एक म्हणजे काका शीतगृहाच्या भिंती बांधायचे, आणि त्यांनी बुजवलेल्या सांध्यातून मुंगीची आत जायची टाप नव्हती. दुसरं म्हणजे त्यांच्या तोंडालाही बूचच बसवलेलं होतं. सकाळी कामावर आले की ‘हं’, संध्याकाळी निघाले की ‘हं’, आणि मधल्या वेळात जे काही बोलायचं ते त्यांची हातोडी बोलायची.

शीतगृह बांधून झालं की त्याची अंधारपरीक्षा असायची. एकाने आत जाऊन बसायचं, दार लावून घ्यायचं, दिवे बंद. दुसरा बाहेरून मोठी बॅटरी घेऊन सांध्यासांध्यावर उजेड मारत फिरायचा आणि प्रत्येक सांध्यापाशी भिंतीवर एकदा ठोकायचा. आतल्याने डोळ्यांत तेल घालून बघायचं. काही दिसलं नाही तर आतून एक ठोका. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी दोन ठोके. एवढ्या जाड भिंतीतून बोलणं पोचत नाही, ठोका पोचतो. दोन ठोके आले की बाहेरचा माणूस तिथं खडूने खूण करायचा.

सुट्टीच्या दिवशी असं काम निघालं तर काका लेकीला बरोबर न्यायचे. आत बसायचं काम तिचं. पोर एवढीशी, पण काळोखाला कधी भ्यायली नाही. “बाहेर बाबा आहेत ना,” म्हणायची. काकांच्या सांध्यांना दोन ठोके पडायची वेळ सहसा यायचीच नाही, त्यामुळे तिला कंटाळा यायचा. मग ती मुद्दाम खोटेच दोन ठोके द्यायची, आणि काका खडूची खूण करून तो सांधा चाचपत बसले की आत एकटीच खिदळायची. दार उघडलं तरी तिचं दाबलेलं हसू चालूच असायचं. ते खोटे आहेत हे काकांना आधीपासूनच कळायचं. तरी ते चाचपायचे.

बायको होती तोवर काकांच्या न बोलण्याने कुणाचं काही अडलं नाही. घरातलं सगळं बोलणं तिच्याकडे होतं, काकांच्या वाटचंसुद्धा. “यांना भाजी फार आवडलीय बरं का,” असं ती काकांच्या देखत पाहुण्यांना सांगायची आणि काका मान हलवायचे. मग एका आजारपणात ती गेली. लेक तोवर नोकरीसाठी दूरच्या शहरात होती, काका निवृत्त झाले होते, आणि घरात फ्रिज सोडला तर आवाज करणारं कुणी उरलं नाही. काकांना आधी वाटलं, आपल्याला काय, शांततेची सवयच आहे. पण बायको बोलत असताना गप्प बसणं वेगळं आणि कुणीच नसताना गप्प बसणं वेगळं, हे त्यांना त्या वयात कळलं. संध्याकाळी ते नळ उगाच थोडासा सोडून ठेवायचे. मग पाणी वाया जातंय म्हणून स्वतःवरच चिडून बंद करायचे.

अशात एके दिवशी लेकीचा फोन आला.

“बाबा, ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिलीय. आठवड्यातून एकदा जवळच्या शाखेत गेलं की झालं. मी तिकडेच राहायला येऊ का?”

“ये.”

“कायमची म्हणतेय मी.”

“ये की मग.”

फोन ठेवून काका स्वयंपाकघरात गेले. मग त्यांनी दोन माणसांचा चहा टाकला आणि दोन्ही कप स्वतःच प्यायले.

लेक आली ती डोक्यात कल्पना घेऊनच. खालच्या दोन खोल्यांत तिला राहायचं नव्हतं. तिला माळा हवा होता. कौलांच्या खालचा तो माळा म्हणजे ट्रंका, मोडक्या खुर्च्या आणि पाली यांचं राज्य. उन्हाळ्यात वर डोकं काढलं की चेहरा भाजायचा आणि हिवाळ्यात दात वाजायचे. पण लेकीचं म्हणणं, याचीच आपण नीट खोली करू. अशी की उन्हाळ्यात पंखा पुरेल आणि हिवाळ्यात हीटर तासभर लावला तरी रात्रभर ऊब टिकेल.

हे ऐकून काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांच्याच धंद्यातली गोष्ट!

“थर्माकोल लावू,” ते म्हणाले. “वरून फोम मारू. एकदम सीलबंद.”

“बाबा, मला शीतगृहात राहायचं नाहीये. मी काय बटाटा आहे?”

तिला थर्माकोल नको होता, फोम नको होता. जे उद्या काढलं तर शंभर वर्षं उकिरड्यावर तसंच पडून राहील असं काहीच नको होतं. कापडगिरणीतल्या टाकाऊ चिंध्या दाबून बनवलेल्या जाडजूड गाद्या मिळतात, त्या तिने शोधून ठेवल्या होत्या. त्या वाशांच्या मधे बसवायच्या, वरून लाकूड.

“म्हणजे घराला गोधडी शिवायची?” काकांचा स्वर पार उतरला.

“हो. आणि ती तुम्हीच शिवायची. शिवाय आढ्यापाशी एक जाळीचा झरोका हवा. आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर लाकूड कुजेल.”

“माझ्या भिंती कधी कुजल्या नाहीत.”

“तुमच्या भिंतींच्या आत कुणी झोपत नव्हतं बाबा.”

शेवटी तह झाला: सामान लेकीच्या पसंतीचं, सांधे काकांच्या हातचे. गल्लीच्या टोकाचा सुतार मदतीला आला. तो काकांच्या अगदी उलट, तोंडाला खळ नसलेला. एका पाडलेल्या घराच्या जुन्या फळ्या त्याने स्वस्तात आणल्या, दुहेरी काचेची खिडकी बसवली, तिच्यावर बाहेरून उन्हाची झडप लावली. काका गाद्या कापायचे, आणि कापायच्या आधी वाशांमधला प्रत्येक गाळा दोनदोनदा मोजायचे. “काका, एवढं मोजून मी लग्नसुद्धा केलं नाही,” सुतार म्हणायचा. काका त्याच्याकडे बघायचेही नाहीत. पण मनातून ते त्या दिवसांत इतके खूश होते की चहात साखर घालायची विसरायचे आणि तसाच पिऊन टाकायचे.

छप्पर पुरं झालं तसं लेकीने खिडकीवर घोंगडी टांगली, झरोक्यावर फडकं लावलं आणि म्हणाली, “चला, अंधारपरीक्षा.” बाहेर टळटळीत ऊन होतं, त्यामुळे बॅटरीची गरज नव्हती. ती आत मिट्ट काळोखात बसली. काका शिडी सरकवत बाहेरून एकेका कोपऱ्याशी ठोकत गेले. एक ठोका. एक ठोका. एक ठोका. शेवटच्या कोपऱ्याला आतून दोन ठोके आले. त्यांनी खिशातून खडू काढला, खूण केली आणि शिडीवर तोल सावरत सगळा सांधा बोटांनी चाचपला. काही सापडेना. मग झरोक्याच्या फडक्याआडून खिदळल्याचा आवाज आला, बारीक, दाबलेला, अगदी तेव्हासारखा. काका शिडीवरच थांबले. डोळे भरून आल्यावर माणसाने शिडी उतरू नये, एवढी अक्कल त्यांना होती.

त्या दिवसांत लेक माळ्यावर नुसती सतरंजी टाकून झोपायची. माळ्याची जमीन, म्हणजेच काकांच्या खोलीचं छत, अजून भरलेलं नव्हतं; वर फळ्या, खाली फळ्या आणि मधे मोकळी हवा. काकांना खाली पलंगावर पडल्या पडल्या वरचं सगळं ऐकू यायचं. ती चालताना टाच आधी टेकवायची, तिच्या आईसारखी. जिन्याजवळची फळी करकरायची. पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज, जांभईचा आवाज. बायको गेल्यापासून काकांची झोप कावळ्याची झाली होती. आता ती टाच दोन-चारदा वाजली की त्यांचा डोळा लागायचा.

आणि मग लेक म्हणाली, “आता जमीन भरून घेऊ.”

“जमिनीला कशाला?” काकांनी विचारलं. त्यांच्या मानाने हे मोठं भाषण होतं.

“माझे कामाचे फोन वेळी-अवेळी चालतात. तुमची झोपमोड होते. आणि मी ऑफिसला गेले की वरची खोली रिकामीच असणार. खालची ऊब उगाच वर कशाला घालवायची? ती खालीच राहायला हवी.”

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. काकांच्या मनात आलं, सांगावं, होऊ दे झोपमोड. सांगावं की मला त्यानेच झोप येते. ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. “हं,” ते म्हणाले.

काम मुद्दाम वाईट करायचं त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी जमिनीचा गाळा न् गाळा भरला, कडा चोपल्या, फळ्या स्क्रूने आवळल्या. त्या रात्री ते पलंगावर पडले आणि वाट बघू लागले. टाच वाजली नाही. करकर नाही, ग्लास नाही, काही नाही. वर आपली पोर आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि ऐकू येणं यांत काय फरक असतो ते छताकडे बघत त्यांना उमजलं. आयुष्यात इतकं चोख काम त्यांनी केलं नव्हतं. आणि इतकं एकटंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढे थंडी आली. लेक सकाळी खाली यायची, दोघं समोरासमोर बसून नाश्ता करायचे. “झोप झाली?” “हं.” “काही आणायचंय?” “नको.” मग ती वर जायची आणि दार ओढून घ्यायची, कारण दार उघडं राहिलं तर ऊब जाते. दिवसभर ती घरात आहे हे मोरीतल्या दुसऱ्या कपावरूनच कळायचं. काका मधेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहायचे, आणि कामात कशाला त्रास द्या म्हणून परतायचे.

एकदा ती ऑफिसला गेली होती. काका पेचकस घेऊन वर गेले. आपल्या पलंगाच्या बरोबर वर कुठली फळी येते ते त्यांनी पावलांनी मोजलं, तिचे स्क्रू काढले, फळी उचलली आणि खालची चिंध्यांची गादी अलगद बाहेर ओढली. फार नाही, उशीएवढीच. फळी परत बसवली, गादीचा तुकडा खाली आणून पलंगाखाली ढकलला आणि हात धुतले. शीतगृहात असं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला त्याच शीतगृहात कोंडलं असतं. पण त्या संध्याकाळी टाच वाजली. थोडी दबकी, पण तीच. काकांचा जीव भांड्यात पडला.

टाच ऐकू येते तिथून बोलणंही ऐकू येतं, हे मात्र त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. एके संध्याकाळी लेक बहुधा त्याच फळीवर खुर्ची टाकून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

“तिकडच्या ऑफिसातली नवी जागा चांगलीच आहे गं. शनिवारपर्यंत कळवायचंय. … नाही, पुन्हा एवढ्या लांब जायचं जिवावर येतंय. पण इथं तरी कुणासाठी राहायचं? बाबांना मी असले काय, नसले काय, सारखंच. आईच्या वेळी तरी मान हलवायचे. मी आल्यापासून आनंद झाला म्हणून एक शब्द नाही. कधीकधी वाटतं, मी भाडेकरू आहे त्यांची.”

खाली काका पलंगावर उठून बसले. आत्ता वर जावं आणि सांगावं. पण काय सांगावं? तू बोलत होतीस ते मी ऐकलं? कसं ऐकलं? गादी काढली म्हणून? म्हणजे कामात फट ठेवली, तीही पोरीच्या खोलीत कान लावायला? लेक जाणार होती, आणि तिला थांबवायला जे बोलायचं त्याची सुरुवातच चोरीच्या कबुलीने व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या आवडीची खीर केली. तिने खाल्ली. “छान झालीय,” म्हणाली आणि काकांकडे बघत राहिली. काकांनी आणखी वाढली. त्यानंतरच्या दिवशी, बुधवारी, ते जिना चढून थेट वर गेले. मनाशी शब्द ठरवून गेले होते. लेकीने लॅपटॉप मिटला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

“काय बाबा?”

काकांनी तोंड उघडलं. ठरवलेले शब्द जिन्यातच कुठंतरी राहिले होते.

“खिडकीची रबरपट्टी,” ते म्हणाले. “नीट बसतेय ना?”

“बसतेय,” लेक म्हणाली. काकांनी तरी खिडकी उघडून, मिटून, पट्टीवरून बोट फिरवून पाहिली. मग ते खाली आले. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं त्यांना वाटलं, पण भिंतीने त्यांचं काय बिघडवलं होतं?

शुक्रवारी पालिकेचा तपासनीस आला. कमीत कमी वीज खाणाऱ्या घरांना श्रेणी द्यायची आणि दारावर तशी पाटी लावायची, असं त्याचं काम. लेकीने येताक्षणी अर्ज करून ठेवला होता. तपासनीस गोल चेहऱ्याचा, सर्दी झालेला माणूस होता. त्याच्याकडे एक कॅमेरा होता, त्यात ऊब तांबडी आणि गारवा निळा दिसायचा. त्याने आधी खालच्या खोल्या पाहिल्या, मग तिघंही वर गेले. लेकीने वरचा हीटर सकाळपासून बंद ठेवला होता. तपासनीस छपरावरून, कोपऱ्यांवरून, खिडकीवरून कॅमेरा फिरवत होता आणि “वा, वा” म्हणत होता.

“असं काम बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. अ श्रेणी नक्की. आता जमीन बघू,” तो म्हणाला, आणि मधेच थांबला. “हे काय?”

कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळी जमीन निळीशार होती आणि तिच्यात एकच तांबडा चौकोन होता, उशीएवढा.

“इथं खालची ऊब सरळ वर येतेय. भरायचं राहून गेलंय का?”

लेकीने पडद्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी नाकासमोर पाहिलं.

“राहून गेलं असेल,” ते म्हणाले.

उभ्या जन्मात हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. हाताखालच्या माणसांनी ते उच्चारलं तर काका त्यांना दिवसभर काम देत नसत. लेकीला हे ठाऊक होतं. तपासनीस म्हणाला, “किरकोळ आहे. भरून घ्या. मी पुढच्या महिन्यात येतो, मग पाटी लावू.” आणि शिंकत शिंकत निघून गेला.

दुपारी काका आडवे झाले. झोपायला नव्हे, तोंड लपवायला. वर टाच वाजली. ती फळीपाशी आली आणि थांबली. मग स्क्रू फिरवल्याची कुरकुर ऐकू आली. चारच स्क्रूंवर नव्या ओरखड्यांची चमक होती, तेव्हा फळी शोधायला तिला वेळ लागला नसणार. आता भरेल, काकांना वाटलं. आता सगळं बंद होईल.

फळी उचलल्याचा आवाज आला. आणि मग त्यांच्या छताच्या दोन फळ्यांमधल्या बारीक चिरेतून एक उजेडाची रेघ खाली उतरली आणि त्यांच्या पांघरुणावर पडली. वर तिने बॅटरी लावली होती. पाठोपाठ एक ठोका आला.

काका उठले. कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा त्यांनी हातात घेतला, पलंगावर उभे राहिले आणि छतावर ठोकलं. एकदा. मग थांबून, आणखी एकदा.

“बाबा,” वरून आवाज आला, अगदी जवळून. ती जमिनीवर पालथी पडून बोलत असणार. “इथली गादी तुम्ही मुद्दाम काढलीत ना?”

तोंडासमोर तोंड नव्हतं म्हणून असेल, किंवा आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून असेल, काकांचे शब्द सुटले.

“हो. तू चालतेस ते ऐकू येत नव्हतं. मला त्याशिवाय झोप येत नाही. तू आल्यापासून मला बरं वाटतंय. फार बरं वाटतंय. त्या दिवशी फोनवर तू बोललीस ते मी ऐकलं. मी तसा नाही गं. मला बोलता येत नाही एवढंच. तू जाऊ नकोस.”

उजेडाची रेघ थोडी हलली. दांडा धरून काका तसेच पलंगावर उभे होते.

“परवा तुम्ही वर आलात ना बाबा,” शेवटी ती म्हणाली, आणि तिचा आवाज नीट नव्हता, “तेव्हा मी वाट बघत होते. मला वाटलं होतं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही रबरपट्टी बघून गेलात. मग मी तिकडच्या ऑफिसला हो म्हणून कळवून टाकलं.”

काकांनी दांडा खाली ठेवला.

“आता नाही म्हणता येणार नाही?”

“ऑफिसने तिकडे माझ्यासाठी घरही बघितलंय. मी सही करून पाठवलंय. निदान एक वर्ष तरी.” मग थोड्या वेळाने, “हे आधी का नाही बोललात हो?”

ती खाली आली, पलंगाच्या कडेवर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी रडली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले. एकदा त्यांनी “हं” म्हटलं, पण ते नेहमीचं नव्हतं.

ती गेली तेव्हा दोन बॅगा होत्या. बाकी सामान माळ्यावरच राहू दे म्हणाली, येईन-जाईन तेव्हा लागेल. बस सुटेपर्यंत काका खिडकीखाली उभे राहिले. “पोचलीस की कळव,” एवढं त्यांनी स्पष्ट आणि मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या सीटवरच्या बाईनेही मान डोलावली.

घरी येऊन ते आडवे पडले. आता ऐकण्यासारखं काही नव्हतं. तरी काहीतरी ऐकू येत होतं. टक, टक, टक. काकांना वाटलं, आपलेच कान वाजतायत. ते पेचकस न घेताच वर गेले. तिच्या टेबलावरचं गजराचं घड्याळ, ती शाळेत असताना त्यांनीच आणून दिलेलं, सगळी आळी जागी होईल अशा आवाजात चालणारं, टेबलावर नव्हतं. ते जमिनीवर होतं, त्याच फळीच्या मधोमध, आणि फळीचे स्क्रू आवळलेले होते. काकांनी फळीवर चापट मारून पाहिली. आवाज पोकळ आला. गादी अजून त्यांच्या पलंगाखालीच होती.

पुढच्या महिन्यात तपासनीस आला. सर्दी बरी झाली होती. कॅमेऱ्यात तांबडा चौकोन तसाच दिसला, मधे घड्याळाचा निळा ठिपका.

“काका, हे भरलं नाहीत? आता तर वर कुणी राहतही नाही. खालची ऊब फुकट वर जातेय.”

“जाऊ द्या,” काका म्हणाले. “पोर कधी अचानक आली तर खोली गार लागायला नको.”

“मग अ नाही देता येणार. ब द्यावी लागेल.”

“द्या ब.”

तपासनिसाने दाराशी जाऊन ब श्रेणीची पाटी लावली. तिरकी लावली. तो गेल्यावर काकांनी ती काढून सरळ लावली.

त्या संध्याकाळी काकांनी स्वतःहून फोन केला. आजवर लेकच करायची. तिने पहिल्याच घंटीला उचलला आणि घाबरून विचारलं, “काय झालं बाबा?”

“काही नाही. ब मिळाली.”

“ब? तुमच्या घराला?” ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. “भरलं नाहीत ना तुम्ही?”

“नाही.”

“मग आता काय ऐकू येतं?”

“तुझं घड्याळ येतं.”

पलीकडे ती काही बोलेना. काकांनी आधी वाट पाहिली असती. आता त्यांनी वाट पाहिली नाही.

“तुझी आठवण येते,” ते म्हणाले. “दोनदा सेल बदलला. बंद पडायच्या आधीच बदलतो.”